पाच स्टारचा फंड आणि आमची सुमन

कॅनडातल्या आमच्या मिल्टनच्या कम्युनिटी सेंटरमध्ये दाराशी हरवलेल्या ग्लव्ह्जचा एक डबा आहे. जोडी कुणाची सापडत नाही, पण डबा आपला भरत जातो. आमच्या गुरुवारच्या म्हाताऱ्यांच्या ग्रुपमधले किस्से तसेच. एकेक येऊन पडतोय!

या विंटरचे सगळे किस्से सुमनच्या म्युच्युअल फंडाचे. सुमन नागपूरची, माझी मैत्रीण, मुलाकडे राहते. मुलाला लांब विनिपेगला नवी नोकरी लागली, उन्हाळ्यात सगळे निघणार. सुमनला मिल्टन सोडायचं नव्हतं. नागपूरचा फ्लॅट विकून आलेले पैसे तिनं फंडात टाकलेले. फंड वर गेला तर इथंच छोटासा कॉन्डो, म्हणजे स्वतःचा फ्लॅट, खाली आला तर विनिपेग!

आणि सुमन गेली तर मी गुरुवारी कुणाला छळायचं? हे मला कुणी विचारत नव्हतं.

*

फंड घेतला त्या दिवशी तिच्यासोबत बँकेत मी गेले होते. इंग्लिश बोलायला! माझं शिक्षण सातवी, तेही बाईंनी दया केली म्हणून. पण बँकेतली हरलीन निघाली जवळच्याच ब्रॅम्पटनची पंजाबी. हिंदीत बोलायला लागली, माझी नोकरी गेली.

हरलीननं सुमनला विचारलं, "आंटी, मार्केट गिर गया, थोडा नुकसान हुआ, तो?"

"चलता है न," सुमन म्हणाली.

"ज्यादा हुआ तो?"

"चलता है."

"पैसा कब चाहिए? पाँच साल? दस साल?"

"कभी भी चलता है, बेटा."

परक्या माणसाला नाही म्हणायचं नाही, अशी आमची सुमन. पंगतीत मीठ नसलेली भाजीसुद्धा मागून घेईल. हरलीननं कॉम्प्युटरवर टकटक केलं आणि कौतुकानं म्हणाली, "आंटी, आप तो हाय रिस्कवाली हैं!"

सुमन लाजली. तिला वाटलं, पास झाले!

*

त्या फंडाला पाच स्टार होते. मी म्हटलं, "हॉटेल आहे का गं? स्विमिंग पूल आहे?"

मग ग्रुपमधल्या आपटेभाऊजींनी फंडाचा कागद समोर धरून क्लास घेतला. भाऊजी रिटायर्ड इंजिनिअर, चहा मागतानासुद्धा आधी थिअरी सांगतात. म्हणाले, "स्टार म्हणजे आपल्या जातीच्या फंडांमध्ये हा आजवर कसा धावला. किती कमावलं आणि कमावताना किती हिंदकळला, दोन्ही धरून. ही खालची पट्टी वेगळी. लो, मीडियम, हाय. तो किती उड्या मारतो, ते ही पट्टी सांगते."

"म्हणजे वर्गात पहिला आला. पण वर्ग नापासांचा असला तर?"

"तरी पहिलाच!"

सुमन घाबरत म्हणाली, "काहो भाऊजी, म्हणजे सगळेच पडले अन् आपला जरा कमी पडला, तरी पाच?"

"करेक्ट!" भाऊजी खूश.

सुमनचा चहा तसाच राहिला. ती पट्टी तिनं त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. अगदी उजवीकडचा, 'हाय'चा चौकोन काळा केलेला होता.

*

तिला हसवावं म्हणून मी नातीचे सोनेरी स्टिकर पळवले. पुढच्या गुरुवारी सगळ्यांच्या डब्यांना रेटिंग! सुमनच्या शंकरपाळ्यांना पाच स्टार, खाली लिहिलं, 'रिस्क हाय, कवळी सांभाळा.' आपटेभाऊजींच्या जॅकेटला मागून एक स्टार चिकटवला, 'ड्रायव्हिंग'. ते तसेच ग्रोसरी करून आले!

सगळे हसले. सुमन फोनमध्ये बघत होती. तिकडं फंडाचा बाण लाल होता, खाली तोंड केलेला.

*

मग लालच राहिला. भजनात सुमनच्या एका हातात टाळ, दुसऱ्या हातात फोन. अभंग संपला तरी हिचा टाळ चालूच!

एका गुरुवारी वॉशरूममधून बाहेर आली ती पांढरी फटक. मला वाटलं, पडली की काय.

"गोदाताई, एक स्टार गेला वो."

"कुठला?"

"पाचवा. आता चारच राहिले."

घरातलं माणूस गेल्यासारखं सांगत होती. मी चेष्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या सूनबाईनं तिकडं खोके भरायला घेतले होते. सुमनच्या देवघराला मापाचा खोका आणून ठेवलाय, असं सुमनच म्हणाली.

*

आम्ही परत हरलीनकडं गेलो. या वेळी सुमननं कॉन्डोचं सांगितलं. हरलीननं डोक्याला हात लावला.

"आंटी, इसी समर में चाहिए? तो ये पैसा यहाँ होना ही नहीं था! आपने तो बोला, कभी भी चलता है!"

"तू इतक्या प्रेमानं विचारत होती न," सुमन मराठीतच म्हणाली.

हरलीननं सगळे प्रश्न पुन्हा विचारले. सुमननं प्रत्येकाला मान हलवली, पण या वेळी आडवी! उरलेले पैसे लो रिस्कमध्ये गेले. कॉन्डो मात्र हातातून गेला.

पार्किंग लॉटमध्ये ती रडायला लागली. थंडी अशी की अश्रूसुद्धा घाईत होते. मला रडणारं माणूस बघवत नाही, म्हणून बोलून गेले, "हो माझी रूममेट! दोघी भाडं भरू, आपटेभाऊजींना वॉचमन ठेवू!"

सुमननं नाक पुसलं. "कधीपासून?"

जन्मभर चेष्टा केली, खरं कुणी धरलं नव्हतं. त्यात घरी माझा मुलगा म्हणाला, "आई, आर यू सीरियस?" मी म्हटलं, "मला काय माहीत! सुमन आहे."

*

मिल्टनमध्येच एका पोर्तुगीज बाईंच्या घराखालचं बेसमेंट भाड्यानं मिळत होतं. मोठ्या खिडक्या, वेगळं दार. घरमालकीणबाई आमच्याच वयाच्या, हातात विणकाम. आम्ही दोघी चांगल्या साड्या, वर जॅकेट, खाली स्नोबूट अशा खुर्चीच्या टोकावर बसलेल्या. सुमनचा हात माझ्या हातात, गार पडलेला. इथं नाही म्हणाल्या तर विनिपेगचं तिकीट काढायचं ठरलेलं.

बाईंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. सुया थांबवल्या.

"टेल मी. तुमच्या दोघींत रिस्पॉन्सिबल कोण?"

आम्ही दोघींनी एकदम बोट दाखवलं. मी सुमनकडं, सुमननं माझ्याकडं!

बाईंनी विणकाम बाजूला ठेवलं. मग उठल्या, खिळ्यावरची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. आमच्या दोघींच्या बरोब्बर मधोमध.