डोळ्यातली शेवटची चिमूट

जूचंद्र सोडलं त्या सकाळी आईने माझ्या बॅगेतून रांगोळीच्या रंगांची पिशवी दोनदा बाहेर काढली आणि दोनदा परत ठेवली. मी रांगोळी सोडून चालले आहे की रांगोळीच्याच जोरावर चालले आहे, हे तिला कळत नव्हतं. मला तरी कुठे कळत होतं! एकोणचाळिसाव्या वर्षी, अकरा वर्षं शाळेत चित्रकला शिकवून झाल्यावर, मी कोइंबतूरला खोटे डोळे रंगवायला शिकायला निघाले होते. रिक्षा सुरू झाली तशी आई म्हणाली, "तीन म्हैन्यांचाच हाय ना? जमला नाय तं लाजू नको. सरल घरा ये."

गावात राहिलेल्यांना हे ठाऊकच आहे. बाहेर गेलेल्यांसाठी सांगते. शाळेने चित्रकलेचे तास कॉम्प्युटरला दिले आणि मला पुष्पगुच्छ दिला. त्याच दिवाळीत आपल्या गावच्या रांगोळी-प्रदर्शनात मी एका म्हाताऱ्या कोळणीचा चेहरा रांगोळीत काढला होता. नातेवाइकांकडे आलेल्या एक बाई त्याच्यासमोर थांबल्या आणि कातडीचा रंग कसा मिसळला ते खोदून खोदून विचारत बसल्या. कोइंबतूरला त्यांची कार्यशाळा होती. अपघातात किंवा आजारात डोळा गमावलेल्यांसाठी तिथे अॅक्रिलिकचे डोळे बनतात. तीन महिने शिका, जमलं तर नोकरी, नाही तर परतीचं तिकीट मी काढून देईन, असं या मॅडमनी सांगितलं. मग गावात व्हायची ती चर्चा झाली. चुलतभावाने तर "ताई डोले विकाला चालली" म्हणून सगळीकडे बोभाटा करून टाकला.

पहिला महिना मी नुसती गप्प होते. भाषा येत नाही म्हटल्यावर माणूस आपोआप शहाणं दिसतं, एवढाच फायदा. तिकडे लाडाने कुणालाही 'कण्णु' म्हणतात, आणि कण्णु म्हणजे डोळा. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी मला तशी हाक मारली तेव्हा मला त्याचा 'डोळा' एवढाच अर्थ ठाऊक होता; वाटलं, या माझ्या धंद्याची थट्टा करताहेत. दोन दिवस मी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

काम मात्र आवडलं. डोळ्यातला पांढरा भाग पांढरा नसतो, हे मला तिथे कळलं. कुणाचा पिवळट, कुणाचा निळसर. त्यातल्या शिरांसाठी लाल रेशमाचे केसाएवढे तंतू चिकटवायचे, बुबुळाचे रंग थरावर थर चढवायचे. इतकी वर्षं जमिनीवर चेहरे काढले आणि आपण काहीच पाहिलं नव्हतं, असं वाटून मला स्वतःची लाज वाटायची.

तीन महिने संपायला पंधरा दिवस असताना मला पहिला डोळा एकटीने करायला मिळाला. सेल्वी नावाची शिवणकाम करणारी बाई होती. मोतीबिंदू चिघळून तिचा एक डोळा गेला होता. दुसरा, शाबूत डोळा बघत मी तपकिरी रंग असा जुळवला की मॅडमनी मान डोलावली. शेवटचा पारदर्शक थर चढवायच्या आधी, कुणी बघत नसताना, मी बाहुलीवर पांढरा बारीक ठिपका दिला. माझे बाबा तसंच शिकवायचे. रांगोळीतला चेहरा पुरा झाला की ते पांढऱ्या रंगाची अगदी बारीक चिमूट डोळ्यात सोडायचे आणि म्हणायचे, "शेवटची चिमूट परली का मानूस बगाला लागतो." बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. हात मात्र त्यांचाच होता.

डोळा बसवला. सेल्वी खिडकीकडे वळली, आणि तिच्या खऱ्या डोळ्यातली चमक तिच्याबरोबर सरकली. माझा ठिपका होता तिथेच राहिला. तिने आरशात पाहिलं, काहीतरी विचारलं आणि डोळ्यावर हात धरला. मॅडमनी मला अर्थ सांगितला. नव्या डोळ्यालाही मोतीबिंदू झालाय का, असं ती विचारत होती.

मॅडम रागावल्या नाहीत. "लाइट तुम मत डालो," एवढंच म्हणाल्या, "लाइट बाहर से आएगा."

आठ दिवसांत नवा डोळा करायचा होता. दोनदा माझ्या हाताने ठिपका देऊन टाकला आणि दोनदा मी तो पुसला. तिसऱ्यांदा दिला नाही. तबकातला तो डोळा इतका मेलेला दिसत होता की मला रडू आलं. बाबांचं न ऐकण्याची माझी ही पहिलीच वेळ होती. आई रोज फोनवर विचारायची, "मंग, कवा येतंस?" मी नापास व्हावं असं तिला थोडंसं वाटत असणार. तिने तसं बोलून कधी दाखवलं नाही, पण मला ते ऐकू यायचं.

सेल्वी आली, डोळा बसवला, ती खिडकीकडे वळली. दोन्ही डोळे एकदम चमकले. तिने पदर सारखा केला आणि साडेचारची बस मिळेल का, ते विचारलं. नोकरी पक्की झाली. मी आईला फोन केला तर ती म्हणाली, "बरा झाला."

दिवाळीला आठ दिवस घरी आले होते. एका दुपारी ओटीवर उन्हात आई तांदूळ निवडत होती आणि मी सवयीने तिच्या डोळ्यांकडे पाहत होते. आईचे डोळे काळे नाहीत. मधासारखे आहेत. डाव्यात खाली एक हिरवट डाग आहे आणि दोन्हींच्या कडेने म्हातारपणाचं निळसर कडं आलं आहे. मी रांगोळीत आई दोनदा काढली होती, बाबांनी कितीदा तरी. आम्ही दोघांनीही तिचे डोळे प्रत्येक वेळी काळेच भरले.

"काय गो बगतंस एवरी?" आई म्हणाली.

काही नाही, म्हटलं. घर म्हणजे काय असं आता कुणी विचारलं तर मला ते उन्हातले डोळे सांगता येतील, कुठला रंग किती, थर किती, सगळं. गावात राहिले असते तर ते मला कधीच दिसले नसते. दिसले तेव्हा माझ्या सुट्टीचे तीन दिवस उरले होते.