साहेब रजा देत नाहीत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, पलटणीत ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो त्या जोडीदारालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असता, तर तुम्हीही मला फेटाच बांधला असता.

आधी एक सांगून टाकतो. मी भित्रा माणूस नाही. बढाई नाही मारत, पुढचं नीट कळावं म्हणून सांगतोय. आमचं गाव कडेगाव तालुक्यातलं, घरटी एक माणूस फौजेत. मामाचं गाव शिराळ्याकडचं. तेव्हा नागपंचमीच्या आधी मामा नाग धरायला निघाला, की मडकं घेऊन मी त्याच्या मागं, आणि माझा हात कधी थरथरला नाही. पुढं फौजेत कमरेएवढ्या बर्फात उतरून माणसं ओढून काढलीत. पलीकडून गोळ्या येत असताना चपात्या खाल्ल्यात. भीती म्हणतात ती कशी असते, मला खरंच ठाऊक नव्हतं. ती मला मिरजेला भेटली — लहान मुलांच्या वॉर्डात.

श्रावणी आमची एकुलती एक. चार वर्षांची असताना तिला सारखा ताप यायला लागला, अंगावर निळे डाग उठले, खेळता खेळता मधेच मातीत बसून राहायची. कडेगावच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि सरळ मिरजेला पाठवलं. रक्ताचा कॅन्सर निघाला. बरा होण्यातला आहे, तिथले डॉक्टर म्हणाले, पण दोन-तीन वर्षं दवाखाना सुटायचा नाही. मी तेव्हा सुट्टीवर घरी होतो. वैशाली, माझी बायको, ऐकल्या ऐकल्या भिंतीला टेकून खाली बसली. मी नाही बसलो. मी म्हणालो, "रडायचं न्हाई. लढायचं." बोलायला काय, जिभेला हाड नसतं.

त्या इलाजात पाठीच्या मणक्यात सुई घालून औषध सोडतात. पोराला कुशीवर झोपवायचं, गुडघे पोटाशी, मान खाली — पार मुटकुळं करायचं आणि घट्ट धरून ठेवायचं. हललं की सुई चुकते. पहिल्या खेपेला सिस्टर म्हणाल्या, घरचं कुणीतरी आत या, ती आम्हाला धरू देत नाही. वैशाली उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. फौजी नवरा हजर असताना बाईनं कशाला आत जायचं?

धरलं मी. चांगलं धरलं, डॉक्टर 'व्हेरी गुड' म्हणाले. पण गोष्ट अशी, की सुई मागून जात होती. टोचणारा माणूस श्रावणीला दिसतच नव्हता. तिच्या तोंडासमोर होतो मी. आधी ती ओरडली, मग दमली, आणि मग अगदी हळू, माझी समजूत काढावी तशी म्हणाली, "पप्पा, सोडा की. मी शाणी हाय."

सोडलं नाही. सोडायचं नव्हतंच. ते बरोबरच होतं, उद्या पुन्हा वेळ आली तरी तसंच करायला लागेल. पण त्या दिवसापासून मी कॉटजवळ गेलो, की पोरगी आईच्या कुशीत तोंड लपवायची. "पप्पा नको." बिस्किटाचा पुडा आणला — नको. खांद्यावर घेऊन खिडकीतून रेल्वे दाखवू? — नको. सुट्टी संपेपर्यंत तिनं मला एकदा हात लावू दिला नाही. मिरज स्टेशनवर गाडीत बसलो तेव्हा मी चांगला ताठ बसलो होतो. गाडी हलली, आणि मला हायसं वाटलं. हे लिहितानाही हात थांबतो — पण तसंच वाटलं. सुटलो, असं वाटलं.

पुढचं दोन तऱ्हांनी सांगता येतं. गावात सांगतात ती तऱ्हा आधी ऐका.

श्रावणीच्या आजारपणात हवालदाराला, म्हणजे मला, रजा मिळाली नाही. वरती सीमेवर ताण होता, साहेब कडक होता. वैशालीनं एकटीनं सगळं ओढलं. पलूसहून तिची आई अधनंमधनं येऊन बसायची, इकडं गुरं-ऊस माझ्या आईनं बघितलं. पोरगी देवाच्या कृपेनं उठली. मी रिटायर होऊन आलो, तर गावानं पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा माझ्या हातून फडकवला. हेडमास्तर माईकवर म्हणाले, "पोटची पोर दवाखान्यात झुंजत होती, पण या माणसानं देशाची चौकी सोडली नाही." शाल, नारळ, फेटा. पुढच्या रांगेतनं श्रावणीनं सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून उभा. तो फोटो आमच्या सोप्यात लावलाय; येणारा-जाणारा बघतो.

आता दुसरी तऱ्हा. रजा मिळाली होती.

मिळाली म्हणजे काय — धड मागावीही लागली नाही. दुसऱ्या खेपेच्या आधी वैशालीचा फोन आला. ती तक्रार करणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी म्हणाली, "आवं, एकदा या. मला धरवत न्हाई तिला. तुमाला जमतंय. तुमी येऊन धरा, मी बाकीचं सगळं बघती." मी म्हणालो, बघतो साहेबांना विचारून. आणि खरंच गेलो साहेबांकडं. आमचे कंपनी कमांडर पोरसवदा होते, माझ्यापेक्षा लहान, पण माणूस सोन्यासारखा. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाले, "बच्ची पहले, चौकी बाद में. कल सुबह की गाडी से निकलो." झालं. रजा मंजूर.

मी बाहेर आलो, बूट काढून बसलो, आणि डोळ्यांपुढं ती खोली आली. ती मान, ते गुडघे. "मी शाणी हाय." तासाभरानं परत साहेबांकडं गेलो आणि म्हणालो, "साब, घर से फोन था. अब ठीक है. मेरा भाई सँभाल रहा है."

मला भाऊ नाही.

माझ्या जागी एक जोडीदार गेला, त्याच्या बहिणीचं लग्न होतं. पलटणीत माझं नाव झालं — काय दिलदार गडी आहे, स्वतःची रजा दिली. आणि मी वैशालीला फोन लावून म्हणालो, "साहेब रजा देत न्हाईत."  ती म्हणाली, "बरं. तुमी जपून ऱ्हावा."

एकदाच झालं असतं, तर मीही मनाची समजूत घातली असती, की गडबडला माणूस. पण मी ते पुन्हा केलं. आणि त्यानंतरही केलं. वर्षभर करत राहिलो. प्रत्येक वेळी साहेब स्वतः विचारायचे, प्रत्येक वेळी मी त्यांना सांगायचो, बच्ची अच्छी है, आणि घरी सांगायचो, साहेब आडवा येतो. एकदा तर ते म्हणाले, लाव फोन, मी बोलतो तुझ्या मिसेसशी, धीर देतो. मी लगेच म्हणालो, साब, तिला हिंदी येत नाही. वैशाली बारावी शिकलेली आहे. हिंदी माझ्यापेक्षा बरी बोलते.

तिकडं माझी आई रोज दिवा लावताना त्या साहेबाचा उद्धार करायची. "त्या मेल्याला लेकरंबाळं हायत का न्हाईत? वाटुळं हुईल त्येचं." फोनवर मला ऐकू यायचं. एका भल्या माणसाला माझी आई देवापुढं उभी राहून शिव्याशाप द्यायची, आणि मी म्हणायचो, "आई, र्‍हाऊ दे, त्यांचीपण मजबुरी असती." म्हणजे वरनं माझाच मोठेपणा.

तुम्ही म्हणाल, भीती कुणाला नसते? तसं नका म्हणू. नुसती भीती असती तर मी ती दाबली असती, आम्हाला तेच तर शिकवतात. खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती भीतीपेक्षा वाईट आहे. मला माझ्या लेकीपुढं वाईट व्हायचं नव्हतं. एवढंच. कुणीतरी तिला धरायला लागणार होतं, हे मला माहीत होतं. मी धरलं नाही तर कोण धरणार, हेही माहीत होतं. मी ते वाईटपण उचललं आणि वैशालीच्या अंगावर टाकलं.

आणि स्वतःसाठी काय ठेवलं? व्हिडिओ कॉल. रेंज मिळाली की मी फोन लावायचो. डोक्यावर टोपी उलटी घालून माकडासारखी तोंडं करायची, बर्फाचा लाडू करून दाखवायचा. केस गेलेलं ते एवढंसं डोकं उशीवर हसायचं. हळूहळू "पप्पा नको" गेलं आणि "पप्पांना फोन लाव" आलं. मी खूश. तिकडं फोन धरून उभी असायची ती वैशाली. गोळ्या चुरून जबरदस्तीनं पाजणारी वैशाली. भाजीपुरी मागितली तर बाहेरचं खायचं नाही म्हणणारी वैशाली. शीर सापडेपर्यंत हात दाबून धरणारी, आणि दर खेपेला त्या खोलीत जाऊन पोरीचं मुटकुळं करून धरणारी वैशाली. एकदा श्रावणीनं तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. मला ते तिनं सांगितलं नाही, सासूबाईंनी सांगितलं. मी म्हणालो, "इंजेक्शन घ्या म्हणावं." बायकोला इंजेक्शन घ्यायला सांगून मी फोन ठेवला.

श्रावणी आता बारा वर्षांची आहे. ठणठणीत आहे, शाळेत कबड्डी खेळते, माझ्यासारखीच हट्टी. वर्षातून एकदा मिरजेला दाखवून आणायचं, बाकी काही नाही. माझ्याशी तिचं लय जमतं. ट्रॅक्टरवर शेजारी बसते, माझ्या ताटातलं खाते. आईशी मात्र तुटक. भांडण नाही, उद्धटपणा नाही, पण आईनं पाठीवर हात ठेवला की खांदा जरा बाजूला घेते. तिला स्वतःलाही कळत नसेल. वैशालीला कळतं. ती हात मागं घेते आणि कामाला लागते.

यंदा मिरजेला आम्ही तिघं गेलो होतो. रक्त द्यायचं होतं. नाव पुकारल्यावर वैशाली उठली, तर श्रावणी म्हणाली, "तू थांब बाहेर. पप्पा येतील." मी आत गेलो. बारा वर्षांच्या पोरीला कुणी धरत नाही. तिनं हात पुढं केला, झालं. शूर मुलगी म्हणून सिस्टरनी कौतुक केलं.

येताना सांगलीत स्टँडजवळ जेवायला बसलो. रिपोर्ट चांगला होता, सगळे मोकळे झालो होतो. श्रावणी जुन्या गोष्टी काढून हसवत होती — टक्कल असताना मी कशी दिसत होते, आजी कशी देवाला झापायची. आणि तसंच हसत हसत म्हणाली, "मम्मी किती घट्ट धरायची मला. हाडं मोडतील असं. पप्पा असते ना, तर त्यांनी मला असं कधीच धरलं नसतं."

मी वैशालीकडं बघितलं. पहिली खेप तिला माहीत होती. दाराबाहेर बसून तिनं सगळं ऐकलं होतं. एका वाक्याचं काम होतं — अगं, पहिल्यांदा तुला यांनीच धरलंय. ते वाक्य तिच्या हक्काचं होतं.

ती आमटीची वाटी पोरीकडं सरकवत म्हणाली, "व्हय बाळा. तुझ्या पप्पाला कुठलं धरवतंय."

श्रावणी माझ्याकडं वळली. "होय ना पप्पा?"

आणि मी — मी 'होय' म्हणालो.

वैशालीनं मान वर केली नाही. ती खोटं बोलली ते मला पोरीच्या मनातनं उतरू द्यायचं नाही म्हणून, आणि मी 'होय' म्हणालो तेही त्यासाठीच. दोघंही मलाच वाचवत होतो. तिला कुणी वाचवलं नाही, ना त्या दिवशी, ना त्या खोलीत.

रजेचं तिला अजून ठाऊक नाही. ती आजही म्हणते, साहेबानं सोडलं असतं तर तुम्ही आला असता. मनापासून म्हणते. मी ऐकून घेतो. तुम्हाला आधी सांगितलं आणि तिला नाही, यातसुद्धा मी सोपं तेच केलं, हे मला कळतं.

तर एवढं लिहून ठेवतो. साहेब चांगले होते. रजा मंजूर होती. माझ्या लेकीला पहिल्यांदा मी धरलं, आणि नंतर दर वेळी तिच्या आईला धरायला लावलं.