वळवाबरोबर हिंडणारे मामा

सातारा-सांगलीच्या मुलखात वळवाचा पाऊस कुठं कोसळणार, हे ढगांच्याही आधी माझ्या मामेसासऱ्यांना ठाऊक असे. कारण ते जिथं तंबू ठोकत, तिथंच तो कोसळे. पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आणि कुंडलला शेती करणारे हे गृहस्थ एरवी चारचौघांसारखे वागत. वैशाख लागला, की मात्र त्यांच्या अंगात यायचं. लोक मोबाइलवर पावसाचा अंदाज बघून वाळवणं आत घेतात. मामा तोच अंदाज बघून सायकलच्या चेनला तेल घालत. स्वतः शिवलेला ताडपत्रीचा तंबू, स्टोव्ह, पिठाची पिशवी आणि भडंगाचा डबा कॅरेजला बांधून ते निघत, ते विटा, मायणी, वडूज असे मुक्काम करत थेट माणात, दहिवडीच्या पुढं एका मेंढपाळाच्या वस्तीवर पोचत. वाटेत कुणी कितीही आग्रह केला तरी छपराखाली झोपायचं नाही, हा त्यांचा नियम. "छपराखालीच झोपायचं, तर मग घर काय वाईट हाय?" असं ते विचारत. मामींचा प्रश्नही नेमका हाच होता.

तंबू गळायचा तो बरोबर उशाशी. तो दुरुस्त करण्याऐवजी मामा उशी पायथ्याला नेत. एका वर्षी नवा जावई म्हणून भरीस पडून मीही त्यांच्याबरोबर गेलो. मायणीच्या अलीकडं भरदुपारी अंधारून आलं, गारा सुरू झाल्या आणि तंबू उडून बाभळीवर जाऊन बसला. मी कुडकुडत होतो. मामा डोक्यावर पातेलं धरून ओरडले, "जावईबापू, नशीबवान हाय तुमी! पैल्याच फेरीला गारा! मला तीन वर्सं वाट बघाय लागली हुती." पुढं आठवडाभर मी शिंकत होतो आणि पुन्हा म्हणून या भानगडीत पडायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मामांचा हा पायगुण सगळ्यांनाच मानवे असं नाही. वैशाखात अजून कुणाकुणाचा बेदाणा शेडवर वाळत असायचा, आणि बेदाण्याला पावसाचं वावडं. मामांची सायकल दिसली, की शेडवरच्या बाया लांबूनच हात जोडत. "आवं सुभेदार, हितं टेकू नगासा! च्या फुडं प्या कुठंतरी. आमचा माल वाळू द्या!" मामा रागावत नसत. उलट सलाम ठोकून पायडल जोरात मारत. माणात मात्र याच माणसाची वाट बघितली जाई. वस्तीवरची म्हातारी, मेंढपाळाची आई, टँकरच्या पाण्यातला एक तांब्या बाजूला ठेवायची. मामा आले, की अर्धा तांब्या त्यांच्या पायावर आणि अर्धा सायकलच्या पुढच्या चाकावर. गुण पायाचा की चाकाचा, हे तिचं अजून ठरलेलं नव्हतं. पाऊस दरवर्षी यायचाच असं नाही. पण मामा यायचेच.

गेल्या वर्षी मामांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. एका बाजूचं दिसेना. एकट्यानं सायकल चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि मामींनी अट घातली, की जावई बरोबर असतील तरच सोडीन. मामा एसटीनं सांगलीला माझ्याकडं आले. घरात कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "लय न्हाई वो, चार मुक्काम. तुमी फुडं चालवायचं, मी मागनं येतो. तुमचा शर्ट दिसतोय मला." ज्या माणसानं पलटणीत हुकूम सोडले, तो माझ्यापुढं बसून असं विचारत होता. मी म्हणालो, "मामा, रजा नाही हो." ते लगेच उठले. "आसू द्या. नोकरी म्हंजी नोकरी. फुडल्या वर्सी बघू."

मामा त्याच वर्षी श्रावणात गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

दिवस झाल्यावर माणातली म्हातारी मुलाला घेऊन, दोन एसट्या बदलून कुंडलला आली. मामींच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "औंदा का न्हाई आलं वो? आमी रोज रस्त्याकडं बघत हुतो. पाऊस आला न्हाई तर न्हाई, पर मानूस तरी यायला पायजे हुता."

मामी म्हणाल्या, "निघायचं लय मनात हुतं त्येंच्या. पर जावयास्नी रजा घावली न्हाई."

मी खाली मान घालून बसलो होतो. म्हातारी सरकत माझ्याजवळ आली आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवू लागली. "न्हाई वो लेकरा, वाईट वाटून घिऊ नगा. नोकरीवाल्याच्या हातात काय आसतंय?"

मामींना मी अजूनही सांगितलेलं नाही. रजा भरपूर शिल्लक होती. मी ती मागितलीच नव्हती.