बाळाने अण्णांसाठी काढलेली वाट

लॅपटॉपमधून आवाज जाईना म्हणून मी आमच्या मंडळाचा आवाज सांभाळणाऱ्या दोस्ताला, बाळालाच फोन लावला. उचलला सुमनवहिनीने. "भाऊजी, हे गेले हो सकाळी..." महिना होऊन गेला. मुलुंडच्या आमच्या भजनी मंडळाच्या खोलीत त्याने लावलेल्या वायरी अजून तशाच आहेत. त्या सरळ केल्या तर एक टोक घाटकोपरला त्याच्या दुकानात आणि दुसरं आमच्या गावी, कणकवलीला पोहोचेल. वीतभरही वाढवून सांगत नाही.

बाळा फ्रिज दुरुस्त करायचा. पोटात काही ठेवणं त्याला जमायचं नाही. कुणाच्या फ्रिजमध्ये काय शिळं होतं ते घाटकोपरभर कळायचं. आवाजाचं शास्त्र तो शिकला माझ्या वडिलांपायी. अण्णा पखवाजवाले. त्यांच्या थापेने समोरच्या घराची कौलं सरकायची. मी पखवाज सोडून गळा काढायला लागलो, बुवा झालो, ते त्यांना कधीच रुचलं नाही. 'बरा गायलास' एवढं साधं वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग खुब्याचं हाड मोडून ते गावी खाटेला खिळले आणि माझ्या मनाने घेतलं, त्यांनी एकदा तरी माझी भजनाची बारी ऐकावी. बाळा म्हणाला, "त्यात काय, लाईव्ह करू."

पहिलीच डबलबारी. यात दोन बुवांनी एकमेकांना गाऊन उत्तरं द्यायची असतात. मी मुलुंडला, समोरचा बुवा बोरिवलीला, मध्ये बाळाचा लॅपटॉप. मी भजनाचा गजर लावला आणि दहा सेकंदांनी स्पीकरमधून तोच गजर, त्याच चालीत. माझा गजर चोरतो म्हणून मी त्या बोरिवलीकराला गाण्यातून असा सोलला की भिंतीवरचं कॅलेंडर गळून पडलं. तोही तेवढ्याच त्वेषाने मला सोलत होता. अर्ध्या तासाने बाळाने कानावरचा हेडफोन काढला.

"बुवा, थांब रे. बोरिवलीची लाईन मगाशीच गेली. तू स्वतःशीच भांडतोयस."

"मग जिंकतंय कोण?"

"तो. तुझ्यापेक्षा सुरात आहे."

बाहेर गेलेला आवाज फिरून परत आत घुसत होता. "फ्रिजची गार आणि गरम नळी एक केली तर दूध नासणारच ना," म्हणत बाळा आठ दिवस त्या लॅपटॉपपुढे बसला. उठला तेव्हा प्रत्येक माइकला स्क्रीनवर आपापली वाट होती: बुवा, पखवाज, टाळ. त्या एकत्र होऊन जगाकडे जायच्या. आणि शेजारी आणखी एक, फक्त गावच्या एका मोबाईलपुरती. तिचं नाव 'अण्णा'; तिच्यात प्रत्येक माइकचा आवाज वेगळा कमीजास्त करता यायचा. कारण अण्णांनी सगळ्यांदेखत फोनवर बजावलं होतं, "बाळा, माका पखवाज तेवढो नीट ऐकव. ह्येचा रडगाणा नको." सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

पुढे दर रविवारी दुपारी अण्णा ऐकायचे आणि बारी संपली की फोनवर एकच बोलायचे, "पखवाज बरो वाजलो." एका रविवारी पखवाजाची पुडी फाटली, तो वाजलाच नाही. तरी म्हणाले, "पखवाज बरो वाजलो." मी बाळाला म्हटलं, वय झालं रे म्हाताऱ्याचं. बाळा वायर गुंडाळत राहिला.

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. "ती वाट आता पुसून टाक," मी म्हटलं. "राहू दे ना. जागा काय खातेय?" बाळा एवढंच बोलला.

परवा एकटाच खोलीत बसून मी बिघाड शोधला. एक पिन सैल होती, बस्स. पण शोधता शोधता ती 'अण्णा' वाट उघडली... पखवाज पार खाली, बंद. टाळ बंद. 'बुवा' तेवढा एकटा, वर टोकाला.

म्हणजे माझ्या पाठीमागे अण्णांनी बाळाला फोन केला असणार. आणि गिऱ्हाइकाचं शिळं वरणही पोटात न ठेवणाऱ्या माणसाने ही एक गोष्ट शेवटपर्यंत ठेवली. एवढ्या थापा मारल्या आयुष्यात, पण या दोघांच्या एका थापेपुढे माझी एकही उभी राहत नाही.

बाळाचा हेडफोन कानाला लावला. त्याच वाटेवर गजर धरला. ना ठेका, ना टाळ, नुसता माझा गळा. दुसऱ्याच ओळीला सूर हलला. 'बुवा'चा आवाज जरा कमी करावा म्हणून हात पुढे गेला, आणि तसाच मागे घेतला.