शेपटीवाला गोल

मंजुळाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण डॉक्टरांच्या भिंतीवरचा इंग्रजी अक्षरांचा तक्ता ती बिनचूक काढायची, रांगोळी काढावी तसा. सगळ्यात वर तीन दातांचा कंगवा. त्याच्याखाली खालचा दात पडलेला कंगवा, आणि त्याच्या शेजारी पोट सुटलेला दांडा. मग गोल, अर्धी भाकरी, नागमोडी काठी. खाली खाली अक्षरं बारीक होत जायची, पण तिची ओळ कधी चुकली नाही. ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात अकरा वर्षं मावशी म्हणून काम केलेलं. रोज सकाळी तक्त्यावरून फडकं फिरवायचं, म्हणजे बोटांना तो पाठच.

खालून दुसऱ्या ओळीत मधल्या गोलाला एक शेपूट होतं. छापलेलं नव्हे. झुरळानं की पालीनं केव्हातरी घाण केली आणि तो डाग नेमका गोलाच्या बुडाशी, उजव्या अंगाला वाळला. मंजुळा एकदा पुसायला गेली तर डॉक्टरांनीच अडवलं.

"राहू द्या मंजुळाबाई. ज्याला शेपूट दिसतं तो 'क्यू' म्हणतो, त्याचे डोळे ठणठणीत. 'ओ' म्हणणाऱ्याला मी चष्मा देतो. छापणाऱ्यापेक्षा झुरळ हुशार निघालं!"

हा विनोद डॉक्टर आठवड्यातून एकदा तरी करायचे. मंजुळाला तो नवऱ्यासाठी उपयोगी पडला.

नवरा सखाराम. वागळे इस्टेट या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका वर्कशॉपात तो टेम्पो चालवायचा. दोन वर्षांपूर्वी शेठनं सगळ्या ड्रायव्हरांना डोळे तपासायला पाठवलं, ते नेमकं याच दवाखान्यात. तोवर घरात मंजुळाच्या लक्षात आलेलं होतं. चहा ओतताना धार कपाच्या उजव्या कानावर पडायची. शर्ट अडकवताना खुंटी चुकायची. कुणी उजवीकडून आलं की तो दचकायचा आणि मग दचकलोच नाही असं दाखवायचा. मोतीबिंदू असणार, असं दोघांनी आपसात ठरवून टाकलं. पेशंट बायका बाकावर बसून बोलायच्या ते मंजुळानं ऐकलेलं होतं, पिकू द्यावा लागतो, मग काढतात. तर पिकू दे. डॉक्टरांना विचारायची सोय नव्हती. विचारलं की नाव वहीत चढणार, आणि वहीतलं शेठकडे जाणार.

मग तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता काढला. किसननगरच्या चाळीतल्या त्या एका खोलीत आठ संध्याकाळी सखाराम तो घोकत बसला. त्याला अक्षरं येत होती, कुवेतला नऊ वर्षं ट्रेलर चालवलेला माणूस.

"हा ओ."

"ओ नाही, शेपूट आहे त्याला."

"मग क्यू झाला."

"तेच म्हणायचं. शेपटीवरच पास करतात."

तो पास झाला. मंजुळाला त्यात फार मोठं काही वाटलं नाही. टेम्पो जाणार कुठे, तर रोड नंबर सोळावरून बावीसवर. तरी तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, इस्टेटीच्या बाहेर गाडी काढायची नाही.

शहाण्णव सालच्या डिसेंबरात एका गुरुवारी डॉक्टरांनी तिला बाळकुमला पाठवलं, एका म्हाताऱ्या पेशंटचा चष्मा पोचवायला. परतताना ती कापूरबावडी नाक्यावर बसची वाट बघत उभी होती. दुपारचे तीन वाजले असतील. घोडबंदरच्या बाजूनं आधी आवाज आला. ट्रकचा नव्हे, बुलेटचाही नव्हे. मोठं जनावर पोटातल्या पोटात गुरगुरावं तसा. स्टॉपवरची सगळी माणसं त्या बाजूला वळली.

गाडी आली ती बघतच राहावी अशी. बाटलीसारखा हिरवा रंग, अंगावरून दोन पांढरे पट्टे, लांबलचक नाक, चार गोल दिवे, आणि मागचा भाग बैलाच्या पुठ्ठ्यासारखा फुगलेला. तोंडवळा तीस वर्षांपूर्वीच्या विलायती गाडीचा, पत्रा मात्र कालचा. नंबराच्या जागी लाल अक्षरांत 'ऑन टेस्ट'.

"जुनी आहे रे, रंगवलीय नुसती," एक कॉलेजचा पोरगा म्हणाला.

"गप. जुन्याचे जोड असे असतात का? कोरी आहे, कोरी!"

मंजुळा पुढे सरली. अशी गाडी तिनं पाहिली नव्हती, पण ऐकली होती. बाहेरदेशीच्या कुणा शौकिनानं जुन्या रूपाची नवी गाडी मागितलीय, तिचा पहिला नमुना वर्कशॉपात हातानं पत्रा ठोकून होतोय, हे सखाराम महिनाभर जेवताना सांगत होता. स्टेअरिंग डावीकडे, हे सांगताना तर त्याचा आवाजच बदलायचा. "कुवेतसारखं डाव्या हातचं आपल्याकडे कुणाला जमतंय? शेठ मलाच विचारतात." आणि मंजुळानं पुढचा प्रश्न विचारायच्या आत, "कंपाउंडातल्या कंपाउंडात गं. पुढेमागे करायची, झालं."

रस्त्याच्या मधल्या कठड्यावरून एक कोळीण स्टॉपकडे यायला खाली उतरली. बाळकुमची भागीरथी, डोक्यावर रिकामी पाटी. गाडी तिच्या डाव्या अंगानं येत होती. तिनं गाडीकडे पाहिलं, आत बसलेल्या माणसाकडे पाहिलं आणि रस्त्यातच थिजली. कारण आपल्याकडे ड्रायव्हर बसतो त्या जागी बसलेला माणूस मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होता.

"अगो बाय!"

गाडीनं वेग कमी केला नाही. अजिबात नाही. समोर बाई उभी आहे हे गाडीला ठाऊकच नसल्यासारखी ती आली. वहीवाल्यानं मान वर केली, किंचाळला, तेव्हा कुठे ब्रेक लागला. चाकं केकाटली, गाडी स्टॉपच्या बाजूला सरकली, पाटी उडून गटाराशी पडली. भागीरथी उभीच होती. तिच्या पदराला आरसा घासून गेला होता.

मग भागीरथीला कंठ फुटला.

"मेल्या, गारी चालवतंस का शाला शिकतंस? लिवत काय बसलास?"

माणसं धावली आणि त्यांनी उजव्या बाजूचा दरवाजा उघडून वहीवाल्याला ओढून काढलं. तो वर्कशॉपातला इंजिनिअर, मधु. कॉलर धरलेली, चष्मा एका कानावर, वही छातीशी.

"मी नाही! मी नाही चालवत! स्टेअरिंग तिकडे आहे हो! मी आकडे लिहितोय!"

"तिकडे कुठे? रस्त्यावर?"

"डावीकडे! बघा तरी!"

सगळ्यांनी आत वाकून पाहिलं. खरंच. कॉलर सुटली. एकानं मधुचा चष्मा सरळ केला. आणि रागाचं कसं झालं कोण जाणे, पण क्षणात त्याचं कौतुक झालं. पोरं बॉनेटवरून हात फिरवायला लागली. एकजण भागीरथीलाच म्हणाला, "मावशी, बघून उतरायचं ना." तीसुद्धा पाटी उचलून आली आणि आरशात डोकावत म्हणाली, "पन जागंवर मानूस नको का बसवाया? आमाला काय कल्लं?"

डाव्या दरवाजातून सखाराम उतरला होता. इस्त्रीचा खाकी शर्ट. मान किंचित उजवीकडे वळवलेली, हल्ली तो नेहमी धरायचा तशी. कुणीही त्याला विचारलं नाही की बाई तुला दिसली कशी नाही.

मंजुळा त्याच्याकडे गेली. बोलायला म्हणून गेली, पण जवळ पोचल्यावर थांबली. तो गाडीच्या पुढच्या दिव्याकडे बघत होता आणि ती त्याच्या उजव्या खांद्याशी उभी होती. हात लांब केला असता तर त्याच्या गालाला लागला असता. ती तशीच उभी राहिली. सखारामनं रुमालानं कपाळ पुसलं. दिव्याची काच पुसली. मधुला म्हणाला, "चला साहेब, गर्दी वाढतेय." बावीस वर्षं संसार केलेली बायको हातभर अंतरावर उभी होती, आणि तो वळून गाडीत बसला.

संध्याकाळी तो नेहमीसारखा आला, पाय धुतले, चहा मागितला.

"आज कुठे गेलेलात?" मंजुळानं विचारलं.

"कुठे जाणार? कंपाउंडात."

तिनं कप त्याच्या डाव्या बाजूला ठेवला. "कोळिणीच्या पदराचा रंग कुठला होता?"

त्याचा हात कपावर थांबला. "कुठली कोळीण?"

"कापूरबावडीची. मी स्टॉपवर होते."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तुमच्या शेजारी उभी होते. खांद्याला खांदा लागेल एवढी."

तो भिंतीकडे बघत बोलला. "सोमवारी पुण्याला न्यायचीय. घाटातून. तो बाहेरचा साहेब येतोय, तो शेजारी बसणार. शेठनं सगळ्यांसमोर सांगितलं, सखारामशिवाय ही गाडी कुणाच्या हातात देणार नाही. मंजुळा, कुवेतच्या लढाईतून एक पिशवी घेऊन आलेलो मी, आठवतं? सहा वर्षं मला कुणी नावानं हाक मारली नाही. अरे टेम्पो, एवढंच. एकदा जाऊ दे. पुण्याहून आलो की स्वतः सांगतो डॉक्टरांना."

"घाटात तुमच्या उजवीकडून समोरच्या गाड्या येणार."

"मान वळवून बघतो की मी."

"आज बघितलीत?"

"अगं, झालं का कुणाला काही?" तो ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "शनिवारी गाडीच्या विम्यासाठी डोळ्यांचा दाखला घ्यायला तुझ्याच दवाखान्यात येतोय. आणि ऐक, मला दोष देऊ नकोस. तक्ता कुणी शिकवला?"

तिनं कप उचलला. बशीत सांडलेला चहा उजव्या बाजूलाच होता.

शुक्रवारी ती सगळा दिवस डॉक्टरांच्या आसपास घोटाळली. दोनदा तोंड उघडलं, दोनदा पेशंट आला. खरं म्हणजे पेशंटचं निमित्त. सांगितलं तर त्याचं काम जाणार, तिचंही जाणार. हे एक. आणि दुसरं, जे तिला जास्त जड होतं, की तो परत कधी तिच्या हातचा घास गोड मानून खाणार नाही.

शनिवारी सकाळी आठ वाजता तिनं दवाखाना उघडला, केर काढला, बाक पुसला. तक्त्यापुढे आली. फडकं फिरवलं, वरून खाली. खालून दुसऱ्या ओळीशी हात थांबला. डोळ्यांपुढे पाटी उडाली. तिनं कपाटातून स्पिरिटची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि गोलाच्या बुडाशी दाबला. वर्षानुवर्षांचा डाग, पण दोन घासण्यांत गेला. कागद जरा पांढरा पडला.

साडेनऊला एक शाळामास्तरीण आली. तिनं शेवटची ओळसुद्धा धडाधड वाचली. गोलाला "ओ" म्हणाली. डॉक्टर पट्टी घेऊन तक्त्याजवळ गेले.

"अरेच्चा! आमचं शेपूट कुठे गेलं?"

"पुसलं," मंजुळा म्हणाली. "घाण दिसत होती."

"माझी ठेवच घालवलीत की हो!" डॉक्टर हसले आणि विसरले.

अकराला सखाराम आला. दाढी केलेली, तोच इस्त्रीचा शर्ट. सोबत विम्याचा कागद घेऊन मधु. सखाराम खुर्चीत बसला आणि आपण होऊन उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला, चांगल्या डोळ्यानं आधी वाचायला. मंजुळाच्या आत्ता लक्षात आलं. डाव्यानं त्याला शेपूट गेलेलं दिसणार. मग तो उजव्यालाही "ओ" म्हणेल, आणि सोमवारी गाडी घाटाला लागेल. तिनं हे गणित केलंच नव्हतं.

"उजवा आधी," डॉक्टर वहीत बघत म्हणाले. "डावा झाका. आपली तीच रीत आहे."

सखारामनं हात बदलला. मंजुळा दाराशी उभी होती. त्यानं सुरुवात केली. आवाज स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. वरच्या ओळी झाल्या. पट्टी खालून दुसऱ्या ओळीवर आली.

"एफ. ई. एल. क्यू. पी..."

पट्टी थांबली.

"परत."

"एफ, ई, एल, क्यू..."

डॉक्टरांनी तक्त्याकडे पाहिलं. मग पट्टी खाली ठेवून ते गुपचूप सखारामच्या उजव्या बाजूला गेले आणि त्याच्या डोळ्यापुढे दोन बोटं धरली. "किती?"

सखाराम अजून समोरच बघत होता. "काय किती, साहेब?"

मधु खुर्चीवरून अर्धवट उठला. कापूरबावडीचं त्याला आत्ता कळलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला.

"हे पाठ कुणी करून घेतलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणी नाही," सखाराम म्हणाला. "मीच. मागच्या वेळी बघून ठेवलेलं."

"खोटं आहे," मंजुळा म्हणाली. "मी शिकवलं. कॅलेंडरवर काढून. आणि शेपूटही मीच पुसलं."

सखारामनं झाकलेल्या डोळ्यावरचा हात काढला आणि पूर्ण मान वळवून तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ त्यानं तिच्याकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी अंधार करून, भिंग लावून दोन्ही डोळे तपासले. अर्धा तास. मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. उजव्याचं गेलं ते गेलं. डाव्या डोळ्याच्या नजरेच्या कडाही कुरतडल्या जाऊ लागल्या होत्या. "पिकायची वाट बघत होतात?" ते मंजुळाला म्हणाले. "अकरा वर्षं इथे काढून?" नोकरीवरून काढतो असं काही ते बोलले नाहीत. थेंबांची बाटली मात्र तिच्या हातात आपटावी तशी दिली. दिवसातून दोनदा, जन्मभर.

सखाराम दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. शेठनं पुण्याहून दुसरा माणूस आणला.

सोमवारी सकाळी सात वाजता थेंबांची वेळ झाली. तो दारातल्या स्टुलावर बसून होता. मंजुळानं त्याची हनुवटी वर केली, डाव्या डोळ्याची पापणी ओढली. तेवढ्यात मुख्य रस्त्यावरून ती गुरगुर आली. तिनं बाटली तशीच धरून ठेवली. आवाज जवळ आला, चढला, मध्येच दातांखाली खडा यावा तसा खरडला आणि हायवेच्या दिशेनं गेला.

"तिसरा गिअर घाईनं टाकला," सखाराम म्हणाला. "क्लच पुरता दाबलाच नाही गाढवानं."

"हलू नका."

"नाही हलत. टाक."