बाबांचा पुरलेला पाय

मला आठवणारं पहिलं दफन बाबांच्या उजव्या पायाचं. बाबा स्वतः सरकारी दवाखान्यात खाटेवर होते आणि पाय पुढे गेला होता. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन.

रत्नागिरीत आमची बेकरी होती, म्हणजे घरामागे एक भट्टी आणि दारात पाव मांडायची फळी. गोव्याकडून आलेले आजोबा मैदा पायांनी तुडवून मळायचे, बाबाही तसंच करायचे. गाव पाव चवीनं खायचं आणि तो कसा मळतात हे विचारायचं नाही, यातच सगळ्यांचं भलं होतं. पुढे बाबांच्या टाचेत काटा गेला. त्यांना साखरेचा आजार होता. जखम चिघळली, पाय काळा पडला आणि डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला.

आईनं तो मागून घेतला. कंपाउंडर तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. पण आमच्यात शरीर ही टाकून द्यायची वस्तू नव्हती. शेवटच्या दिवशी सगळे मेलेले आपापल्या देहासकट उठणार, असं आम्ही दर रविवारी चर्चमध्ये मोठ्यानं म्हणायचो, आणि म्हणायचो ते खरंच मानायचो. मग पाय उकिरड्यावर पडला तर त्या दिवशी बाबा तो शोधणार कुठे? आईनं पाय मैद्याच्या धुतलेल्या पोत्यात गुंडाळला, पावाच्या खोक्यात ठेवला आणि दफनभूमीत बाबांसाठी धरून ठेवलेल्या जागेत, खालच्या टोकाला पुरून घेतला. चर्चच्या म्हाताऱ्या राखणदारानं प्रार्थना म्हटली. एवढ्याशा खोक्यासमोर एवढी मोठी प्रार्थना ऐकून मला हसू येत होतं, पण आईचा चेहरा बघून ते घशातच राहिलं.

बाबा घरी आले आणि थोड्याच दिवसांत ओरडायला लागले, "बोटा जळतायत."

कुठली बोटं, तर उजव्या पायाची. चादर तिथे सपाट होती. डॉक्टर म्हणाले, होतं असं, पाय गेल्याचा नसांना अजून पत्ता नाही. बाबांना ते पटलं नाही. सगळा जन्म भट्टीपुढे काढलेल्या माणसाला भाजणं म्हणजे काय ते दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. त्यांनी आपला आपणच अर्थ लावला. माणूस मेला की स्वर्गात जाण्याआधी त्याची उरलीसुरली पापं शुद्धिस्थानाच्या आगीत जाळून काढतात, असं आम्हाला शिकवलेलं. बाबांचं म्हणणं, आपला पाय त्या आगीत आपल्याआधीच पोचला आहे.

"तोच का गेला, ठाव आहे ना तुला?" एका दुपारी ते आईला म्हणाले. मी तिथेच तांदूळ निवडत बसले होते. "त्याच पायान तुला लाथ मारली. पोटात पोर होती तेव्हा."

"पोरीसमोर नको," आई म्हणाली.

पण मी ऐकलं होतं. माझ्याआधीची एक बहीण पोटातच गेली, एवढं मला ठाऊक होतं. तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून तिला आत जागा मिळाली नाही. दफनभूमीच्या गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, काजूच्या झाडाखाली तिला ठेवलं होतं. ती का गेली, ते त्या दुपारी कळलं.

मी भयंकर घाबरले. नुसत्या पायाला एवढं भाजत असेल, तर सगळे बाबा गेल्यावर काय होईल? रस्त्यानं चालताना मला लोकांचे हातपाय वेगवेगळे दिसायला लागले, कुणाचा कुठला आधी जाईल असे. शेवटी राहवेना, तेव्हा शाळेतून येताना दफनभूमीत शिरले आणि खात्री करून घ्यायला पाय पुरला होता तिथे अनवाणी उभी राहिले. उन्हाळ्याचे दिवस, भर दुपार, जांभ्याची माती. तळवा चरचरला. मी धावत घरी आले आणि धापा टाकत सांगून टाकलं, "बाबा, तिथली माती तापलीय."

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. तो का, हे मला कळलं नाही, पण भीती दुप्पट झाली.

फादर महिन्यातून एकदा घाटावरून मोटारीनं यायचे. ते आले, तसे आम्ही अंगणात जाऊन बसलो आणि बाबांनी आत पापं कबूल केली. फादरांनी क्षमा दिली, जपमाळ म्हणायला सांगितली आणि बाहेर येऊन हसत म्हणाले, "आता काही उरलं नाही." बाबा त्या दिवशी पोटभर जेवले. मी चार घरी जाऊन सांगितलं की माझे बाबा सुटले.

संध्याकाळी बोटं पुन्हा जळायला लागली.

बाबांचा तो चेहरा मी विसरलेले नाही. देवानं दिलेली क्षमाही लागू पडली नाही, तर आता जायचं कुणाकडे? ते दातांत चादर धरून पडले होते. फादर तोवर घाट चढून गेले असतील. मी कोपऱ्यात उभी राहून जेवढ्या येत होत्या तेवढ्या प्रार्थना एकात एक मिसळून म्हणत होते.

तेव्हा आई उठली. तिनं खोबरेलाची वाटी कोमट केली, खाटेच्या पायथ्याशी बसली आणि जिथे पाय नव्हता तिथे चादरीवर हात फिरवायला लागली. मला वाटलं, हिचंही डोकं फिरलं. बाबा हळूच म्हणाले, "वर नको. खाली, टाचेला." आईनं हात खाली नेला. थोड्या वेळानं बाबांना झोप लागली.

त्यानंतर बाबा होते तोवर, रोज संध्याकाळी ती त्या रिकाम्या जागेला तेल चोळायची आणि मी शेजारी वाटी धरायची. तिथल्या चादरीचा डाग कधी गेला नाही. आईनं माफ केलं म्हणून आग विझली, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि बरीच वर्षं लोकांना कौतुकानं तेच सांगत आले.

आई म्हातारी झाल्यावर एकदा तिलाही हे ऐकवलं. ती मासळी साफ करत होती. म्हणाली, "माफ करायला फादर होते. मला भ्या वाटायचा गो."

"कसली?"

"त्या दिवशी सगळा अंग परत मिळायचा आहे ना? म्हणजे ती लाथ मारलेला पायपण मिळणार." तिनं हात धुतले. "मीपण तिथेच असणार, आणि गडग्याबाहेरची पोरपण. म्हटलं, उठेल तेव्हा त्याला माझा हात ओळखीचा असूंदे."

मी तेव्हा बाबांसाठी घाबरत होते. त्या घरात सगळ्यांत जास्त घाबरलेलं माणूस खाटेच्या पायथ्याशी बसून तेल लावत होतं, आणि मी त्याच्या शेजारी वाटी धरून उभी होते.