मनोहरची दोन सिलिंडरांची गाडी

जानेवारीचा दुसरा शनिवार, सकाळचे सहा. फोनवर पुतणी सुषमा होती. "मोठेबाबा, बाबा गेले… झोपेतच." माझा धाकटा भाऊ मनोहर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा रंगभूषाकार होता. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, नटांचे चेहरे त्याच्या हाताखालून जात. त्या हाताविषयी लिहायचे, तर त्याच्या मोटारसायकलीविषयी लिहिणे भाग आहे.

आडगावी संध्याकाळी बस जाते. परतीची मिळत नाही. म्हणून मनोहर आपल्या गाडीनेच जाई. त्याची जुनी गाडी एका सिलिंडरची, दणदणाट करणारी. साठीनंतर तिच्या हादऱ्यांनी त्याच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. गावी पोहोचल्यावर बराच वेळ कुंचला धरवत नसे. एका प्रयोगात खलनायकाची भुवई अशी वाकडी गेली, की तो रडवेला दिसला आणि सारा मंडप हसला. नाटक मंडळीच्या व्यवस्थापकाने दुसऱ्या दिवशी हळूच विचारले, "मनोहरभाऊ, पुढच्या सीझनले दुसरा माणूस पाहू काय?" उभ्या आयुष्याची कमाई एका रेघेवर येऊन अडली होती.

आम्ही दोघे नवी गाडी पाहायला नागपूरला गेलो. विक्रेता वेग आणि ताकद सांगत होता. मनोहर प्रत्येक गाडीवर लांब फेरी मारी, उतरल्याबरोबर खिशातून कुंचला काढी आणि डाव्या मनगटावर रेघ ओढी. दोन गाड्यांची रेघ थरथरली. तिसरी गाडी जुन्या घाटाची… गोल दिवा, सपाट सीट, बेताची ताकद, पण सिलिंडर दोन, म्हणून हादरे कमी. तिच्यावरून उतरून ओढलेली रेघ सरळ आली. मनोहरने दुसरे काही विचारले नाही.

आमच्या तुमसरच्या चहाटपरीवर त्याची थट्टा झाली. "एवढा पैसा देऊन आवाजच नाही? सिलाई मशीन घेतली काय, मनोहरभाऊ?"

"मंग बरं झालं. टाका सरळ पडते तिचा."

ती शर्यतीची गाडी नव्हती. धान भरलेल्या ट्रॅक्टरामागे ती खुशाल हळू चाले आणि वाट मिळाली की न कुरकुरता पुढे निघे. रोजच्या माणसाला याहून अधिक लागत नाही. मनोहरला हे आधी कळले, याचा मला अभिमान आहे. शेवटपर्यंत त्याच्या हातून एकही भुवई वाकडी गेली नाही, आणि व्यवस्थापकाने दुसरा माणूस पाहिला नाही.

मनोहर गेला त्या शनिवारीही सिहोऱ्याला प्रयोग होता. अंत्यविधी आटोपल्यावर व्यवस्थापकाचा फोन आला. आता रंगभूषेला कोण येणार, हे त्याला विचारवत नव्हते. बापाजवळ बसून रंगभूषा शिकलेली सुषमा शेजारीच उभी होती. "मोठेबाबा, बाबानं जबान देल्ली हाय. मले नेऊन द्या."

घरातल्यांनी विरोध केला. मी गाडी काढली. रंगांची पेटी मांडीवर घेऊन ती मागे बसली. हँडलवरच्या माझ्या म्हाताऱ्या हातांनाही मुंग्या आल्या नाहीत.

दिवेलागणीला तिने खलनायकाला समोर बसवले. व्यवस्थापक श्वास रोखून पाहत होता. भुवई सरळ उतरली.

"पुढचा प्रयोग मंगळवारी हाय, बाई," तो म्हणाला.

"येतो," ती म्हणाली.

यापुढे गाडी तीच चालवणार होती. मी मांडववाल्याकडून पाना मागून घेतला आणि दोन्ही आरसे तिच्या उंचीला बसवून दिले.